65 मिमी पाऊस म्हणजे नेमकं किती पाणी?

औसा: आमच्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी पडला म्हणे. अंगणातल्या घमेल्यात पट्टी बुडवली तर 90 भरला. खरं काय? आणि लिटरमध्ये किती?

उमरगा: दादा, घमेल्याचं तोंड पसरट, बूड अरुंद, म्हणून आकडा फुगतो. तळापासून काठापर्यंत सरळ डबा घ्या, रुंदी कितीही असू द्या.
1 चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर. एकर 4047 चौरस मीटर, गुणिले 65, झाले 2 लाख 63 हजार लिटर. एवढं सगळं मुरत नाही हं! काळी माती फुगून भेगा मिटल्या की वरचं पाणी ओढ्याला लागतं.

परभणी: डब्याचा काठ जमिनीपासून फूटभर वर ठेवा, नाहीतर शिंतोडे आत जातात. झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब. मोजायचं सकाळी साडेआठला, वेधशाळेचा पावसाचा दिवस तेव्हाच बदलतो.

औसा: पत्रे 10 बाय 6 मीटर आहेत. टाकी केवढी लागेल?

उमरगा: 60 गुणिले 65, 3900 लिटर. पन्हाळीतली गळती, उडणारं पाणी म्हणून 15 टक्के वजा करा, 3300 उरतात. पहिल्या सरीचं पाणी मात्र टाकीत घेऊ नका, पत्र्यावरची धूळ अन् पाखरांची घाण त्यातच असते.