मदत हवी आहे: जुनं नाशिक पायी दाखवून शेवटी घरचं जेवण, पण वेळेचं गणित जमत नाहीये

चुलीपाशी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. बेत असा आहे: सरकारवाड्यापासून निघायचं, भांडी बाजार, रविवार कारंजा, सुंदरनारायण, होळकर पूल, रामकुंड, कपालेश्वर, नारोशंकर, काळाराम आणि शेवटी पंचवटीतच घरी जेवण. आठ पाहुणे, त्यातले दोघे साठीपुढचे. सुरुवात पाचला, पानं साडेसातला. सरावाच्या फेरीत साडेआठ वाजले. तोवर शेंगोळ्यांचा लगदा झाला आणि भाकऱ्या वातड. काय काढू, काय ठेवू? जेवणात बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, भरीत, ठेचा, वरण-भात.

दगडी_पायरी
अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर आहे. तुमचा वेळ चालण्यात नाही, चपलांत जातोय. आठ जणांनी चपला काढायच्या, दर्शन घ्यायचं, परत शोधून घालायच्या, म्हणजे एका देवळामागे दहा-पंधरा मिनिटं गेली. आत फक्त काळारामात न्या, बाकी सगळं बाहेरून. सुंदरनारायण (१७५६, गंगाधर यशवंत चंद्रचूड) तसंही बाहेरच्या दगडी कामासाठीच बघायचं. कपालेश्वर शंकराचं देऊळ असूनही समोर नंदी नाही, ही गोष्ट पायऱ्यांखाली उभं राहूनही सांगता येते. नारोशंकराची घंटा तर भिंतीवरच आहे, नदीकडे तोंड करून. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ का म्हणतो ते इथेच सांगा, पाहुणे हसतात आणि थांबा लक्षात राहतो.

भांडी बाजारात गल्लीत उभं राहून माहिती सांगू नका. दुचाकीवाले हॉर्न वाजवतात, मागचे चार जण ऐकतच नाहीत. सगळं सरकारवाड्यापाशी सांगून घ्या आणि गल्लीतून नुसतं चालत जा.

काळारामात मात्र घाई नको. रामशेज डोंगराचा काळा दगड, सरदार ओढेकरांचं बांधकाम आणि २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, हे तिन्ही यायलाच हवं. सत्याग्रह गाळून नुसती रामकथा सांगणारे बरेच आहेत. अर्धा काळाराम दाखवल्यासारखं होतं ते. गाभाऱ्याचे फोटो नकोत, हे आत जायच्या आधीच बजावा.

गोदेचं_पाणी
वार बघा. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार असतो, आठ जणांचा घोळका एकत्र राहत नाही. श्रावणी सोमवारी कपालेश्वर, चैत्रात रामनवमी ते कामदा एकादशीची रथयात्रा, या दिवशी फेरीच ठेवू नका.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाट पाण्याखाली जातो. पर्यायी रस्ता आधी चालून ठेवा: होळकर पूल उतरलात की मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, तिथून काळाराम. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं यावर नाशिककर पूर मोजतात, ते मग पुलावरूनच दाखवा. पाणी उतरल्यावरही पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ राहतं. साठीपुढच्यांना तिथे नेऊ नका.

दोन_तवे
आता स्वयंपाकघर. वेळ फेरीकडून मोजताय, ती तव्याकडून उलटी मोजा. आठ जणांना बारा भाकऱ्या धरा, त्याला सव्वा किलो पीठ. एक भाकरी थापून, तव्यावर आणि आचेवर मिळून तीन-साडेतीन मिनिटं. एका तव्यावर पाऊण तास जाईल, दोन तव्यांवर वीस-पंचवीस मिनिटं. म्हणून काळारामातून निघताना घरी फोन करायचा आणि पहिली भाकरी तेव्हाच थापायची. पाहुणे हात-पाय धुऊन पाणी पिईपर्यंत पाच-सहा तयार होतात, बाकीच्या पानं वाढल्यावर गरम येतील. आधी करून डब्यात ठेवलेली भाकरी वाफेने वातडच होणार. बाजरीचं पीठ आठवड्यापेक्षा जुनं नको, कडू पडतं. चिरा जात असतील तर कोमट नाही, चांगल्या गरम पाण्यात मळा.

शेंगोळ्यांचं दुखणं वेगळं. हुलग्याचं पीठ रस्सा पीत राहतं, त्यामुळे तासभर ठेवलं की लगदा होणारच. आठ जणांना सहाशे ग्रॅम पीठ, बांधणीला मूठभर कणीक, लसणाचे दोन गड्डे, मिरच्या, जिरं. दुपारी वळून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, शिजवू नका. पाणी फोडणीला घालून खळखळ उकळू द्या, मगच सोडा. उकळी मंद असेल तर शेंगोळी विरघळते. सोडल्यावर पाच मिनिटं पळी लावायची नाही, एकूण वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे तुम्ही रामकुंडावर असताना घरी उकळी यायला हवी. दोन भांडी गरम पाणी बाजूला असू द्या.

भरीत, ठेचा, वरण सहाच्या आत आटपा. लसूण न खाणारे किंवा शेंगदाणा न चालणारे कोण, हे नोंदणी करतानाच विचारा. या पानात लसूण काढला तर उरतो वरण-भात.

कागदपत्रं_आधी
पैसे घेऊन जेवण देणार असाल तर फॉसकॉस या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) पोर्टलवर अन्न व्यवसायाची नोंदणी करा (फॉर्म ए). घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला चालत नाही, १९ किलोची व्यावसायिक लागते. इमारतीत राहत असाल तर सोसायटीचं पत्रही घेऊन ठेवा. तक्रार बहुतेक जेवणाची नसते, पार्किंगची असते. म्हणून पाहुण्यांना गाड्या सुरुवातीच्या ठिकाणाजवळच लावायला सांगा आणि परत जाताना रिक्षा.

चुलीपाशी
आभार! एक शंका: रामकुंडावरची संध्याकाळची आरती पाहुण्यांना हवीच असते. ती बसेल का?

दगडी_पायरी
हिवाळ्यात बसेल, सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. मे महिन्यात सात वाजून जातात, तेव्हा सुरुवात पाचऐवजी सहाला करा आणि पानं साडेआठला सांगा. आरतीला गर्दीच्या मागे, कपालेश्वराच्या पायऱ्यांकडे उभे रहा. पुढे गेलात तर आठ जण बाहेर काढायलाच पंधरा मिनिटं.

दोन_तवे
आणि आरती सुरू झाली की घरी फोन. शेंगोळीची उकळी तेव्हाच ठेवायची.