सर्वांत लहान दोन काढा, मिळवा, परत टाका: सॉर्ट पुरे की हीपच हवा?

कुळीथ

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर शिकवतो. एक गणित दरवर्षी देतो. संख्यांची यादी आहे. तिच्यातल्या सर्वांत लहान दोन काढायच्या, त्यांची बेरीज करायची आणि ती बेरीज यादीत परत टाकायची. एकच संख्या उरेपर्यंत हेच करत राहायचं. प्रत्येक बेरीज म्हणजे तेवढा खर्च, तर एकूण खर्च किती? हे परीक्षेपुरतं कोडं नाही. वेगवेगळ्या लांबीच्या सॉर्ट केलेल्या (क्रमाने लावलेल्या) फायली दोन-दोन करत एकत्र करायच्या असतील तर सर्वांत स्वस्त क्रम हाच असतो. मजकूर कमी जागेत बसवण्यासाठी डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडलेल्या कोडचं झाडही याच कृतीतून उभं राहतं.

मुलांचं पहिलं उत्तर जवळजवळ ठरलेलं: लूपच्या आत सॉर्ट, म्हणजे दर फेरीला यादी पुन्हा लावणं. दहा संख्यांवर ते छान चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. १ लाख संख्या घ्या. एका सॉर्टला ढोबळमानाने १ लाख गुणिले १७ (१ लाख निम्मं-निम्मं करत १ वर यायला साधारण १७ पायऱ्या), म्हणजे १७ लाख तुलना, आणि ते जवळजवळ १ लाख वेळा. यादी आकसत जाते म्हणून निम्मं धरलं तरी साडेआठ हजार कोटी. सॉर्ट सोडून दर फेरीला नुसतं यादीभर फिरून दोन लहान शोधले तरी ५०० कोटी घटक पाहावे लागतात.

हीप म्हणजे असं झाड की ज्यात कुठलाही घटक खालच्या आपल्या दोन मुलांपेक्षा मोठा नसतो, म्हणून सर्वांत लहान कायम शेंड्यावर असतो. त्यात एका फेरीत दोन घटक निघतात, एक आत जातो. उंची १७ च्या आसपास. बाहेर काढताना प्रत्येक पातळीला दोन तुलना धरल्या तरी सगळं काम १ कोटी तुलनांच्या आत संपतं. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये ही रचना दिली. तिला साधा ॲरे (सलग जागांची रांग) पुरतो, घटकांना जोडणारे पॉइंटर लागत नाहीत: जागा ० पासून मोजल्या तर क्रमांक i वरच्या घटकाची मुलं २i+१ आणि २i+२ वर. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड यांनी दिलेल्या पद्धतीने खालून वर बांधत गेलं तर अख्खा हीप उभा करायला घटकांच्या संख्येच्या प्रमाणातच वेळ लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. किमान घटक पुन्हा पुन्हा हवा असेल आणि मधेमधे नवे घटक येत असतील, तर पहिला हात हीपकडेच जायला हवा. सॉर्टची सवय मोडायलाच हवी. इथल्या कामकरी प्रोग्रामरांना काय वाटतं?

साधासरळ

असहमत. तुमचा साडेआठ हजार कोटींचा आकडा पायथन भाषेला लागूच होत नाही. पायथनच्या लिस्टचं सॉर्ट टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिलं, तेच टिमसॉर्ट. ते आधीपासून लागलेले तुकडे ओळखतं. लागलेल्या यादीच्या शेवटी एक संख्या जोडून सॉर्ट म्हटलं की ते एकदा यादीवरून जातं आणि ती संख्या जागेवर बसवतं. म्हणजे १७ लाख नव्हे, १ लाखाच्या आसपास तुलना.

आणि सॉर्ट तरी कशाला हवं? पत्ते हातात लावलेले असताना नवं पान आलं तर आपण सगळे पत्ते विस्कटून पुन्हा लावत नाही, योग्य फटीत सरकवतो. बायनरी सर्चने, म्हणजे दर वेळी निम्मी यादी बाद करत, जागा शोधा (१७ तुलना) आणि तिथे घाला. यादी उतरत्या क्रमाने ठेवली की सर्वांत लहान घटक शेवटी येतो आणि शेवटून काढायला काहीच सरकवावं लागत नाही. घालताना सरकवावं लागतं ते सलग मेमरीतलं, आणि ते काम आजची यंत्रं अतिशय वेगात करतात. हजार-दोन हजार घटकांना फरक जाणवणारसुद्धा नाही.

शिवाय अशी यादी कधीही छापून बघता येते, डोळ्यांना क्रम दिसतो. हीप छापला तर काय बरोबर आणि काय चूक ते पटकन कळत नाही. मला रोज दुसऱ्यांचा कोड वाचावा लागतो, म्हणून मी याला फार किंमत देतो.

कुळीथ

हजार घटकांपुरतं मान्य. पण १ लाखाची यादी अशी घ्या की सगळ्या संख्या १ आहेत. पहिली बेरीज २. उतरत्या यादीत ती सगळ्या एक्क्यांच्या आधी बसणार, म्हणजे उरलेले सगळे एक्के सरकणार. पुढची बेरीजही २, पुन्हा तेच. पहिल्या ५० हजार फेऱ्यांत दर वेळी सरासरी ५० हजार घटक सरकतात. प्रत्येकी ८ बाइट धरले तर २ हजार कोटी बाइट. सेकंदाला हजार कोटी बाइट हलवणाऱ्या यंत्रालाही यात दोन सेकंद लागतील, आणि पुढच्या फेऱ्या बाकीच आहेत. घटक दहापट केले की हे काम शंभरपट होतं. हीपचं काम दहापटीपेक्षा थोडंसंच जास्त वाढतं.

दोनरांगा

तुम्ही दोघं ज्या गणितावर भांडताय त्याला हीपही लागत नाही आणि सरकवणंही लागत नाही.

सुरुवातीला एकदाच सॉर्ट करा. ही पहिली रांग. दुसरी रांग रिकामी, तिच्यात फक्त बेरजा जातील, नेहमी शेपटीला. प्रत्येक फेरीत सर्वांत लहान संख्या या दोनपैकी एका रांगेच्या तोंडाशीच असते. दोन तोंडं बघा, लहान ती उचला. असं दोनदा करा, बेरीज दुसऱ्या रांगेच्या शेवटी ढकला. बस्स.

दुसरी रांग आपोआप लागलेली का राहते? पहिल्या फेरीत अ आणि ब निघाले, अ लहान किंवा समान. मागे उरलेलं सगळं ब पेक्षा लहान नाही, आणि धन संख्यांची बेरीजही ब पेक्षा लहान नसते. म्हणून पुढच्या फेरीत निघणाऱ्या दोन्ही संख्या किमान ब एवढ्या असणारच. मग त्यांची बेरीज आधीच्या बेरजेपेक्षा लहान कशी होईल? ही पद्धत यान व्हान लेउवेन यांनी १९७६ मध्ये दाखवली. सॉर्ट झाल्यावर पुढचं सगळं काम रेषीय, म्हणजे घटकांच्या संख्येच्या प्रमाणात: १ लाख घटकांना काही लाख पावलं.

माझा आक्षेप 'पहिला हात हीपकडे' या सवयीवर आहे. आधी विचारा: परत आत जाणारा घटक कुठे पडतो? बेरीज दुसऱ्या रांगेच्या शेवटी पडते. लहान संख्येत मोठीची दुप्पट मिळवून परत टाकायचं असेल तरीही हाच युक्तिवाद चालतो. बेरजेऐवजी फरक टाकायचा असेल तर गंमत बघा: ब वजा अ हा ब पेक्षा मोठा असूच शकत नाही आणि उरलेलं सगळं किमान ब एवढं आहे, म्हणून फरक कायम सर्वांत पुढेच येतो. तिथे एक सॉर्ट केलेली यादी आणि एक सुटा व्हेरिएबल, एवढ्यात काम झालं. तीन गणितं, आणि एकालाही हीप लागला नाही.

अमावस्या

विद्यार्थिनी आहे, प्रश्न बाळबोध वाटेल. एकदा सॉर्ट करून नुसतं डावीकडून मिळवत गेलं तर? १, ३, ५, ८, १२ घेतले. ४, ९, १७, २९, एकूण ५९. नियमाप्रमाणे केलं तरी ५९. मग दुसरी रांग कशाला?

दोनरांगा

२, २, ३, ३ घ्या. डावीकडून मिळवत गेलात तर ४, ७, १०, एकूण २१. नियमाप्रमाणे पहिली बेरीज ४. आता हातात ३, ३, ४ आहेत, म्हणून दोन तीन एकत्र येतात, ६. मग ४ आणि ६, १०. एकूण २०. तुमच्या उदाहरणात प्रत्येक नवी बेरीज पुढच्या दोन लहान संख्यांमध्ये लगेच येत होती, त्यामुळे दोन्ही वाटा एकच झाल्या.

कुळीथ

दोनरांगा, युक्तिवाद सुरेख आहे आणि तो वर्गात सिद्धतेसह शिकवायला हवा. पण निष्कर्ष पटत नाही. तुम्ही घेतलेल्या तिन्ही गणितांत परत जाणारा घटक नुकत्याच काढलेल्या दोघांपासूनच बनतो, म्हणून तो कुठे पडेल हे आधी सांगता येतं. पन्नास सॉर्ट केलेल्या फायली एकदम एकत्र करायच्या घ्या. सर्वांत लहान ओळ काढली की तिच्याच फायलीतली पुढची ओळ आत येते. ती काढलेल्या ओळीपेक्षा लहान नसेल, एवढंच माहीत. बाकी ४९ जणींमध्ये ती कुठेही पडू शकते. एका ठिकाणाहून बाकी ठिकाणांचे सर्वांत जवळचे रस्ते शोधणाऱ्या डाइक्स्ट्राच्या पद्धतीतही तेच: नवं अंतर काढलेल्या अंतरापेक्षा लहान नसतं, पण रस्त्यांची लांबी काहीही असल्याने ते कुठेही पडतं. घटना वेळेच्या क्रमाने चालवणाऱ्या सिम्युलेशनमध्येही तेच. कामात भेटणारी बहुतेक उदाहरणं या जातीची असतात, तुमच्या जातीची नाहीत.

आणि एक. दोन रांगांची पद्धत चुकीच्या ठिकाणी लावली तर ती गप्प बसून चुकीचं उत्तर देते. हीप गरज नसताना लावला तर उत्तर बरोबरच येतं, फार तर थोडं हळू. नवशिक्याच्या हातात आधी काय द्यावं हे मी यावरून ठरवतो.

सर्व्हरवाली

मी नेटवर्क सर्व्हरवर काम करते, माझी अडचण वेगळीच आहे. तुम्ही सगळे किमान घटक *काढण्याबद्दल* बोलताय. माझ्याकडे टाइमर असतात: हे उत्तर ३० सेकंदांत आलं नाही तर जोडणी तोडा. उत्तर बहुतेक वेळा येतंच. म्हणजे बहुतेक टाइमर किमान होण्याआधीच मधूनच रद्द होतात.

हीपला मधलं काही विचारू नका, त्याला फक्त शेंडा ठाऊक. जावाच्या प्रायॉरिटी क्यूमध्ये (ती आतून हीपच आहे) विशिष्ट वस्तू काढायला सांगितलं तर ती सगळा ॲरे धुंडाळते, रेषीय वेळ. लिनक्स कर्नलमधले (त्या प्रणालीच्या गाभ्यातले) उच्च अचूकतेचे टाइमर रेड-ब्लॅक झाडात, म्हणजे स्वतःचा तोल राखणाऱ्या क्रमवार झाडात असतात: सर्वांत डावा घटक वेगळा लक्षात ठेवलेला, त्यामुळे किमान लगेच मिळतं, आणि मधला नोडही लॉगरिदमी वेळात, म्हणजे झाडाच्या उंचीएवढ्याच पायऱ्यांत निघतो. साध्या टाइमआउटसाठी तर तिथे टाइमर व्हील आहे. ती कल्पना जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांनी १९८७ मध्ये मांडली: काळाचे कप्पे करा, टाइमर त्याच्या कप्प्यात टाका, रद्द झाला तर कप्प्यातून उचला. पूर्ण क्रम लावायचाच नाही. जे टाइमर वाजणारच नाहीत त्यांना क्रमात बसवायला वेळ का घालवायचा?

म्हणून माझा पहिला प्रश्न: घालणं, काढणं आणि रद्द करणं यांपैकी काय जास्त घडतं?

कुळीथ

पण रद्द करण्यासाठी हीप सोडायलाच हवा असं नाही. पायथनच्या असिंकआयओमध्ये (एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणाऱ्या लायब्ररीत) टाइमर हीपमध्येच आहेत. रद्द झालेल्यावर फक्त खूण होते आणि तो शेंड्यावर आला की फेकला जातो. टाइमर शंभराहून जास्त झाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक रद्द असले, की रद्द ते गाळून उरलेल्यांचा हीप रेषीय वेळात नव्याने बांधतात. गो भाषेच्या रनटाइममध्येही टाइमरसाठी हीप आहे, प्रत्येक नोडला चार मुलं असलेला. त्याने उंची निम्मी होते आणि चारही मुलं मेमरीत शेजारी-शेजारी असतात.

सर्व्हरवाली

खूण करून ठेवण्याची पद्धत मी वापरली आहे. ती चालते, पण रद्द टाइमर जोडणीच्या बफरला (तिच्या माहितीसाठी राखलेल्या मेमरीला) धरून बसला असेल तर तो बफरही मेमरीत अडकून राहतो. मोजताना फक्त तुलना मोजल्या तर हे दिसत नाही. खूण करतानाच टाइमरमधून बफरचा दुवा काढून टाका, ही माझी अट.

साधासरळ

या सगळ्यात एक साधी गोष्ट हरवते आहे. यादी बदलतच नसेल, फक्त लहानातून मोठ्याकडे जायचं असेल, तर एकदा सॉर्ट करा आणि पुढे चला. तिथेही हीप वापरणारे कोड मी पाहतो, कारण कुणीतरी 'किमान म्हणजे हीप' असं शिकवलेलं असतं. कुळीथ, तुमच्या 'पहिला हात' या वाक्यातून हेच होतं.

कुळीथ

माझ्या वाक्यातला 'मधेमधे नवे घटक येत असतील' हा भाग त्यासाठीच आहे. तो गळाला तर वाक्य माझं राहत नाही.

अमावस्या

पायथनमध्ये हीप वापरून पाहिला. (वेळ, काम) अशा जोड्या घातल्या. काही वेळ नीट चाललं आणि मग दोन कामांची तुलना करता येत नाही अशी एरर आली. कधी येते, कधी नाही.

सर्व्हरवाली

दोन जोड्यांची वेळ सारखी निघाली की पायथन दुसऱ्या घटकाची, म्हणजे कामाची, तुलना करायला जातो. तुमच्या कामाच्या क्लासला 'पेक्षा लहान' म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून एरर. वेळा वेगळ्या असतील तोवर तिथपर्यंत जातच नाही, म्हणून कधी येते, कधी नाही. मधे एक वाढता क्रमांक घाला: (वेळ, क्रमांक, काम). क्रमांक कधीच समान होत नाही, त्यामुळे तुलना कामापर्यंत पोचत नाही. शिवाय समान वेळेची कामं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने बाहेर पडतात. नुसता हीप तो क्रम राखत नाही, आणि ग्राहकाची पहिली विनंती दुसरीच्या नंतर चालली तर तक्रार येतेच. सी++ वर गेलात तर तिथली प्रायॉरिटी क्यू मुळात सर्वांत मोठा घटक वर ठेवते, तेव्हा तुलना उलटी द्यायला विसरू नका.