पिट्स एस-१एस ला हलका अल्टरनेटर: पट्ट्यावरचा घ्यावा की व्हॅक्यूम पॅडवरचा?

उलटभरारी (डॅलसजवळ, टेक्सास):

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हौशी बांधणीचं (कारखान्यात न बनवलेलं) पिट्स एस-१एस, म्हणजे कसरतीचं छोटं विमान आहे. इंजिन १८० अश्वशक्तीचं लायकमिंग, दोन मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रं), ख्रिस्टनची उलट्या उड्डाणाची ऑइल सिस्टीम. स्टार्टर आणि रेडिओ आहेत, पण मूळ बांधणाऱ्याने अल्टरनेटर लावलाच नाही. सगळा भार बॅटरीवर.

घरच्या हॅन्गरमध्ये चार्जर असतो म्हणून निभतं. कसरतीच्या स्पर्धेला गेलं की पंचाईत होते. दोन टप्पे उडून पोचायचं, विमान उघड्यावर बांधायचं, जवळपास प्लग नाही, आणि सरावासाठी दोन-तीनदा स्टार्टर मारला की रेडिओ क्षीण व्हायला लागतो. शेजारच्या हॅन्गरमधले एक गृहस्थ त्यांच्याकडचा मोटारीचा जुना अल्टरनेटर फुकट द्यायला तयार आहेत, तो पुढे पट्ट्यावर बसेल म्हणतात. मला वजनाची धास्ती वाटते. शिवाय मी इंटरमिजिएट गटात उडतो, म्हणजे स्नॅप रोल (विमान झटक्यात गरकन फिरवणं) रोजचेच. कुणी हे काम केलंय का?

पानापक्कड (विचिटा, कॅन्सस):

मी ए अँड पी (विमानदुरुस्तीचा अमेरिकी परवाना असलेला) मेकॅनिक आहे, आणि पिट्स हे माझं आवडतं विमान, म्हणून जरा लांबण लागेल.

अल्टरनेटर घेण्याआधी नकाशा काढ. तुझी धावपट्टी डॅलस-फोर्ट वर्थभोवतीच्या ३० सागरी मैलांच्या वर्तुळात येते का? जानेवारी २०२० पासून त्या वर्तुळात एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) लागतं. ज्या विमानाला इंजिनावर चालणारी विद्युत यंत्रणा कधीच नव्हती त्याला यातून सूट आहे. नुसती बॅटरी आणि स्टार्टर असल्याने ती सूट जात नाही, अल्टरनेटर बसवून लॉगबुकात नोंद केली की जाते. पुढे काढून टाकलास तरी ती परत मिळेल असं धरून चालू नकोस. म्हणजे वर्तुळात असशील तर ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं यंत्र) आणि एडीएस-बी यांचा खर्च आणि वजन आत्ताच हिशेबात धर. हे कुणी आधी सांगत नाही आणि लोक अल्टरनेटर बसवून मोकळे होतात.

आता पट्ट्याचं. तो फुकटचा अल्टरनेटर घेऊ नकोस. पिट्सच्या काऊलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) पुढच्या बाजूला जागाच नसते, नाकाची वाटी कापावी लागते. पट्टा बदलायचा तर प्रोपेलर उतरवावा लागतो. हलकी रिंग गिअर (प्रोपेलरमागची दातेरी चकती) असेल तर तिला पट्ट्याची खाच असेलच असं नाही. आणि वजनाचं साधं गणित कर. समजा ब्रॅकेट-पट्टा धरून १० पौंड, गुरुत्वमध्याच्या ५५ इंच पुढे. १००० पौंडांच्या विमानात गुरुत्वमध्य जवळपास अर्धा इंच पुढे सरकला. तेच ३ पौंडांचं यंत्र इंजिनाच्या पाठीमागे, ३५ इंचांवर बसवलं तर सरक इंचाच्या दहाव्या भागाइतकी. शिवाय कसरतीत ६ जी ला (वजनाच्या सहापट जोराला) ते १० पौंड ६० पौंड होतात, आणि ते सगळे एका ब्रॅकेटवर लोंबतात. इंजिनाची थरथर आणि त्यावर स्नॅपचे झटके, मग ब्रॅकेटला भोकाच्या कडेने चीर पडते.

इंजिनाच्या मागच्या बाजूचं व्हॅक्यूम पॅड (व्हॅक्यूम पंप बसवायची जागा) तुझ्याकडे रिकामंच असेल. तिथे न्यूटन, कॅन्ससच्या बी अँड सी कंपनीचा एसडी-८ अल्टरनेटर बसतो. वजन तीन पौंडांच्या आसपास, आणि आत कायमचं चुंबक असल्याने फील्डची (चुंबकत्वासाठी वीज पुरवणारी) तार नाही. पॅड क्रँकच्या १.३ पट फिरतं, म्हणजे २७०० आरपीएमला साधारण ३५०० फेरे, आणि तिथे ८ अँपिअर मिळतात. जमिनीवर मंद चालीत फारसं काही मिळत नाही, ते चालतं. तुझा रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, जीपीएस मिळून तीन-साडेतीन अँपिअरच्या वर जायचे नाहीत. उरलेल्यात बॅटरी भरते. एवढ्याशा विमानाला ६० अँपिअर कशाला हवेत?

पॅडचं कव्हर काढलंस की आधी आत बघ, चालवणाऱ्या गिअरचे खाचे आहेत का. नसतील तर काम तिथेच मोठं झालं. मग यंत्राच्या मागे फायरवॉलपर्यंत (इंजिनामागची आगरोधक भिंत) आणि ख्रिस्टनच्या होजपर्यंत किती जागा राहते ते मोज. इंजिन रबरी माउंटवर हलतं, त्यामुळे बोटभर तरी मोकळं हवं. आणि ते चार नट! मॅग्नेटोच्या आड लपलेले असतात, सरळ पाना बसत नाही. वाकडा पाना आण. यंत्र स्टडवर पूर्ण टेकवायच्या आधी खालच्या नटांना दोन-तीन आटे धरवून घे, मग यंत्र सरकव, मग आवळ. उलट क्रमाने केलंस तर खालचे नट लागणारच नाहीत.

दुंडिगलकर (पुणे):

पानापक्कड म्हणतात ते पटलं. मी हवाई दलात इलेक्ट्रिशियन होतो, हैदराबादजवळच्या दुंडिगलला एचपीटी-३२ ही प्रशिक्षणाची विमानं सांभाळली. त्यातही लायकमिंगचंच उलटं उडू शकणारं इंजिन होतं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

बाळा, यंत्र टिकतं, तुटते ती तार. लगाच्या (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) मानेपाशी, जिथे क्रिम्प, म्हणजे दाबून बसवलेला भाग, संपतो तिथे. लगापासून तीन-चार इंचांच्या आत तार इंजिनालाच क्लॅम्पने बांध, आणि इंजिनावरून फायरवॉलवर जाताना तिला सैल वळसा दे. ताणलेली तार पंचवीस तासांत बोलायला लागते. दुसरं, एसडी-८ च्या संचात रेडिओतली घरघर घालवायला एक मोठा कपॅसिटर असतो. त्याला नुसत्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर सोडू नकोस, धातूची पट्टी आणि खाली रबर दे. पॅनेलमागे किंवा पायाच्या पेडलजवळ सुटलेला तुकडा उलट्या विमानात कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही.

उलटभरारी:

काका, पानापक्कड, मनापासून आभार. धावपट्टी वर्तुळाच्या आतच आहे, त्यामुळे एडीएस-बी धरूनच बजेट करतोय. कव्हर काढलं, आत खाचे आहेत, मागे जागाही पुरते. एक शंका: माझी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे. तिला हा एसडी-८ चालेल का?

पानापक्कड:

चालेल. उलट ८ अँपिअरची मर्यादा तिच्या पथ्यावरच पडते, कारण रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. रेग्युलेटर १४.२ ते १४.६ व्होल्टमध्ये ठेव. जास्त व्होल्टचं संरक्षण लावल्याशिवाय मात्र उडू नकोस. चुंबक कायमचं असल्याने रेग्युलेटर बिघडला तर फील्ड बंद करून यंत्र थांबवता येत नाही, ते रिलेनेच (विजेवर चालणाऱ्या स्विचने) तोडावं लागतं. तो रिले बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढला जातो, म्हणजे बॅटरी पूर्ण मेली की हातानं प्रोपेलर फिरवून इंजिन चालू केलं तरी चार्जिंग सुरू होणार नाही. म्हणून पॅनेलवर व्होल्टमीटर ठेव.

आणि विमान हौशी बांधणीचं आहे म्हणून एसटीसी (बदलासाठीचं सरकारी मंजुरीपत्र) लागत नाही, पण तुझी ऑपरेटिंग लिमिटेशन्स (विमानासोबत मिळालेली उड्डाणाच्या अटींची कागदपत्रं) काढून मोठ्या बदलाबद्दल काय लिहिलंय ते वाच. मोठा बदल ठरला तर एफएएला (अमेरिकी विमान नियामक संस्थेला) कळवून किमान पाच तासांची चाचणी उड्डाणं पुन्हा करावी लागतात. वजन-समतोल नव्यानं, प्रत्यक्ष वजनकाट्यावर कर. पहिल्या उड्डाणात कसरत नको. अर्धा तास सरळ उड, उतर, काऊल काढ आणि पॅडच्या गॅस्केटभोवती ऑइल आहे का ते टॉर्च लावून बघ. कोरडं असेल तर पुढच्या उड्डाणात लूप आणि रोल, परत काऊल काढून नट तपास, आणि मगच स्नॅप.