मदत हवी आहे: सत्तरीच्या बाबांना मुंबईत गोल्फ खेळायचं आहे, क्लबचं सदस्यत्व नाही

घाटल्याची लेक

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात बाबा सत्तर पूर्ण करतील. वाढदिवसाला काय हवंय असं विचारलं की "काही नको" याखेरीज त्यांच्याकडून कधी उत्तर आलेलं नाही. यंदा मात्र गणपतीत आरती झाल्यावर आपणहून म्हणाले, "एकदा अठरा होल खेळायचेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझे मी." भाऊ आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. अठरा होल म्हणजे गोल्फचा पूर्ण डाव, आणि आमच्या घरात गोल्फ कुणीच खेळलेलं नाही. चौकशी कुठून सुरू करायची तेही कळेना, म्हणून हा धागा.

थोडं आधीचं सांगते, कारण उत्तरं त्यावर ठरतील. बाबा चेंबूरच्या घाटला गावातले. तेरा-चौदा वर्षांचे असल्यापासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या मैदानावर कॅडी म्हणून जायचे. शाळेच्या दिवशी दुपारनंतर, रविवारी पहाटे. चार वर्षं त्यांनी लोकांच्या बॅगा खांद्यावर वाहिल्या. मग ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात अप्रेंटिस लागले, मैदान सुटलं ते सुटलंच. या सगळ्या वर्षांत पूर्ण डाव असा ते एकदाही खेळलेले नाहीत. लोखंडी सळई टोकाला वाकवायची, मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळायची आणि वस्तीतल्या गल्लीत प्लॅस्टिकचा बॉल मारायचा, एवढंच त्यांचं स्वतःचं गोल्फ.

पण खेळ त्यांच्या अंगात आहे. १९९१ साली गोल्फर अली शेर इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकले तेव्हाचं वर्तमानपत्राचं कात्रण आमच्या कपाटात अजून आहे. अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते, एवढं एक वाक्य बाबांनी पेनाने अधोरेखित केलंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फर अदिती अशोकची शेवटची फेरी होती त्या शनिवारी ते पहाटेपासून टीव्हीसमोर बसले होते. एका फटक्याने तिचं पदक हुकलं आणि ती चौथी आली. त्या संध्याकाळी नीरज चोप्राच्या सुवर्णाने सगळी चाळ नाचत होती, आणि बाबा मला ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या जागेवरचं, गवत समजावून सांगत होते. आपल्याकडच्या गवताला कल असतो. आपल्या बाजूने बघताना ते चकाकलं तर बॉल पळणार, काळसर दिसलं तर अडणार. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेलं, पण परवाच बघून आल्यासारखं सांगत होते.

तर माझ्या शंका अशा. सदस्य नसलेल्या माणसाला मुंबईत किंवा जवळपास अठरा होल खेळता येतील अशी जागा कोणती? मी एका क्लबात फोन केला होता. "मेंबर कोण?" एवढं विचारून पलीकडून फोन ठेवला गेला. बाबांना मी हे सांगितलेलं नाही.

दुसरं, बाबा डावखुरे आहेत. डाव्या हाताच्या स्टिक भाड्याने मिळतात का? नवा सेट घेणं आम्हाला परवडणार नाही. उजवा गुडघाही थोडा दुखतो. सपाटीवर तास-दीड तास चालतात, चढ आला की थांबतात.

शेवटचं जरा अवघड आहे. कॅडी घ्यावाच लागतो का? बाबा म्हणतात, "माझी बॅग दुसऱ्याने उचलायची नाही." यावर त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही.

खाडीपलीकडचा

ताई, खारघरला या. सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स २०१२ साली सुरू झालं, आणि तिथे पैसे भरून बाहेरच्यांनाही खेळता येतं. डोंगरांच्या कुशीत आहे, पांडवकड्याच्या बाजूला. सुरुवातीला ११ होल होते, १८ पर्यंत वाढवायचं काम नंतर हाती घेतलं गेलं. त्यामुळे तुम्ही जाल त्या दिवशी किती होल खुले आहेत हे फोन करून नक्की विचारा. कमी असले तर काही होल पुन्हा खेळून अठरा पूर्ण करतात. हार्बर लाइनने बेलापूर, तिथून मेट्रोने सेंट्रल पार्क, पुढे रिक्षा.

गुडघ्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. अठरा होल म्हणजे वळसे धरून सात-आठ किलोमीटर चालणं आणि चार-साडेचार तास, आणि खारघरचं मैदान चढउताराचं आहे. बॅटरीची गाडी मिळते का ते आधीच विचारून ठेवा. पहाटेची वेळ घ्या. डिसेंबरात सकाळी दव असतं, बॉल कमी घरंगळतो, पण दहानंतरच्या उन्हापेक्षा ते बरं. शनिवार-रविवार टाळा. गर्दी असली की मागचे लोक खोळंबतात आणि नवा माणूस घाबरतो. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको.

एक कळकळीचं सांगणं. थेट मैदानावर नेऊ नका. आधी महिनाभर आठवड्यातून दोनदा ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागी, न्या, बादलीभर बॉल मारू द्या. सत्तरीत पाठ अचानक पिळली तर सगळंच राहील.

माहेर चेंबूर

चेंबूरचं मैदान १९२७ चं. सदस्याबरोबर पाहुणा म्हणून खेळायची पद्धत तिथे आहे, त्यामुळे ओळखीत कुणी सदस्य निघाला तर बाबांना त्यांच्याच मैदानावर नेता येईल. कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या साहेबांपैकी कुणी आहे का बघा. हा प्रयत्न सोडू नका असं मला मनापासून वाटतं. विलिंग्डन क्लबचं मैदानही सदस्यांचंच आणि कुलाब्याचं यूएस क्लब सैन्यदलांचं, तिथे वेळ घालवू नका.

सात नंबर

मी बावीस वर्षं खेळतोय, म्हणून कॅडीबद्दल लिहितो.

कॅडी जरूर घ्या. तुमच्या वडिलांच्या मनात काय आहे ते समजतं. पण त्यांना एक विचारा: ते पहाटे जाऊन रांगेत बसायचे आणि एखादा खेळाडू "नको, मीच उचलतो" म्हणून निघून जायचा, तेव्हा त्यांना काय वाटायचं? त्या दिवशी त्या मुलाची मजुरी बुडते. बॅग जड वाटत असेल तर अर्ध्याच स्टिक घ्या. नियमाने जास्तीत जास्त १४ चालतात, कमीला बंधन नाही. पाच, सात आणि नऊ नंबरची स्टिक, एक वेज (जवळच्या उंच फटक्यासाठी) आणि पटर (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायला, त्यालाच पट करणं म्हणतात). एवढ्यात पूर्ण डाव होतो, आणि बॅग कुणालाही पेलते.

डाव्या हाताचा सेट भाड्याने मिळणं कठीण, बहुतेक जागी उजवेच असतात. पण मला एक शंका आहे. ती सळई ते कोणत्या बाजूने मारायचे? एकदा हातात काठी देऊन बघा.

आणि त्यांच्या वेळचे काही नियम बदललेत तेही सांगा. २०१९ पासून झेंडा होलमध्येच ठेवून पट करता येतो. हरवलेला बॉल शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, आता तीनच.

घाटल्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

सात नंबर, तुमची शंका बरोबर निघाली. मी छत्री हातात दिली तर ते उजव्या बाजूने उभे राहिले! जेवतात, लिहितात डाव्या हाताने, पण मैदानावर बघितले ते सगळे उजवे, म्हणून तसंच शिकलो म्हणाले. म्हणजे भाड्याचा सेट चालेल.

झेंड्याचं ऐकून मात्र बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या वेळी साहेब लांबून पट करायचे तेव्हा कॅडीने झेंडा धरून उभं राहायचं आणि बॉल निघाला की उचलायचा. सावली लाइनवर, म्हणजे बॉलच्या होलकडच्या वाटेवर, पडू द्यायची नाही, पाय कुठे ठेवायचा तेही ठरलेलं. "मग आता कॅडी उभा कुठे राहतो?" असं त्यांनी विचारलंय. कुणाला माहीत असेल तर लिहा, त्यांना खरंच जाणून घ्यायचंय.

मजुरीचा मुद्दा वाचला तेव्हा त्यांनी मला तो परत वाचायला लावला. रांगेत बसून दुपारी रिकाम्या हाताने घरी आल्याचे दिवस त्यांना आठवतात. आज सकाळी चहा घेताना म्हणाले, कॅडी घेऊ, पण बॅगेत पाचच स्टिक, आणि पाण्याची बाटली मी माझी घेईन. शिवाय ग्रीनवर लाइन आधी मी सांगणार, मग त्याला विचारणार.

रेंजवर परवापासून जातोय. चेंबूरसाठी भाऊ बाबांच्या एका जुन्या इंजिनिअर साहेबांना भेटणार आहे. ते जमलं नाही तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी, खारघर.

एकच राहिलं. उजव्या बाजूने खेळणाऱ्याला ग्लोव्ह डाव्या हातात लागतो ना? बाबा म्हणतात हो, पण त्यांनी आजवर तो दुसऱ्यांच्याच हातात बघितलाय. दुकानात जाण्याआधी कुणीतरी खात्री द्या.

सात नंबर

हो ताई, डाव्याच हाताचा. त्यांना सोबत घेऊन जा, बोटांत सैल राहता कामा नये. झेंडा कुणी धरायला सांगितला तर कॅडी आजही तसाच धरतो, बाबांनी सांगितलं तसाच, सावली सांभाळून.