चेक बाउन्सचं समन्स आलंय, आप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. कोणावर अशी केस झालीय का?

निफाडचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचा. निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग, मी अंबडला कंपनीत, बाग आप्पाच बघतात. औषधं-खतं नाशिकच्या एका दुकानातून उधारीवर येतात, ऑक्टोबर छाटणीला खातं सुरू होतं ते माल उतरला की मिटतं, असं बारा-तेरा वर्षं चाललंय. दुकानदार दर सीझनला सही केलेला एक कोरा चेक ठेवून घ्यायचा. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आमच्याकडे सगळेच देतात. गेल्या सीझनला अवकाळी झाला, मग डावनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग), फवारणीवर फवारणी, बिल फुगत गेलं, आणि जो काही माल निघाला तो घेऊन व्यापारी गेला तो गेलाच, पहिल्या गाडीचे पैसे दिले आणि नंतर फोन बंद. आप्पा म्हणतात दुकानदाराला मधे थोडेफार दिले होते, बाकी पुढच्या सीझनला देतो सांगितलं होतं, तो हो म्हणाला होता. आणि मेमध्ये त्याच चेकवर ४,८०,००० टाकून बँकेत लावला. परत आला.

नंतर वकिलाची नोटीस आलेली. ती आप्पांनी कोणाला दाखवलीच नाही. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर सोसायटीच्या पावत्यांखाली घडी करून ठेवलेली मला परवा सापडली, पाकीट उघडलेलं होतं म्हणजे वाचलेली. परवा हवालदार समन्स घेऊन आला, पारावर बसलेली माणसं बघत होती, त्याचंच आप्पांना जास्त लागलंय. पैशापेक्षा. आई म्हणते जेल होईल का. आणि निफाडला कोर्ट असताना केस नाशिकला कशी काय?

ओझरवाला
भाऊ आधी आप्पांना जेवायला बसव. माझ्यावर झालीय ही केस, माझं हार्डवेअरचं दुकान होतं, तीन लाखाचा चेक, अडीच वर्षं चालली. जेल वगैरे लगेच काही होत नाही, हा जामीनपात्र गुन्हा आहे, पहिल्या तारखेला वकिलासोबत हजर व्हायचं, जामीन त्याच दिवशी होतो. जामीनदार लागला तर त्याचा सातबारा आणि आधार सोबत घेऊन जा, मी नेलं नव्हतं तर मेव्हण्याला ओझरहून परत घरी पाठवला आणि संध्याकाळी पाच वाजेपर्यंत सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या आवारात चहा पीत बसलो.

माझी खरी चूक वेगळीच. तिसऱ्या का चौथ्या तारखेला पुतणीचं लग्न होतं, म्हटलं एक तारीख चुकली तर काय होतंय, वकिलालाही सांगितलं नाही. वॉरंट निघालं ना. मग पोलीस घरी, शेजारपाजार, सगळा तमाशा. तारीख सोडायची नाही. जायला जमणार नसेल तर वकिलाला आधी सांगायचं, तो गैरहजेरीचा अर्ज देतो, एवढं सोपं असतं ते.

गोदाकाठ
एवढं टेन्शन घेऊ नका राव. तारखावर तारखा घेत बसा, पाच-सात वर्षं आरामात जातात, समोरचाच कंटाळतो.

वकिलाकडचा_मुन्शी
वरच्या सल्ल्यावर जाऊ नका प्लीज. मी वकील नाही, पण एका वकिलांकडे अकरा वर्षं फायली सांभाळतोय, त्यात निम्म्या १३८ च्याच, म्हणजे चेक बाउन्सच्या कलमाच्या. २०१८ पासून कायद्यात सोय झालीय की केस चालू असतानाच कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला सांगू शकतं, म्हणजे तुमच्या केसमध्ये ९६,००० पर्यंत. सांगायलाच पाहिजे असं नाही, ते कोर्टाच्या विवेकावर आहे हे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, पण जो नुसत्या तारखा मागत बसतो त्याच्यावर कोर्टाची मेहरबानी का होईल? आणि शेवटी शिक्षा झालीच तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अपिलात गेलात तर साधारणपणे दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम आधी भरा म्हणतात.

नाशिकला केस का, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ज्याने चेक खात्यात भरला त्याच्या बँकेची शाखा जिथे तिथलं कोर्ट. दुकानदाराचं खातं नाशिकला असणार. त्यात भांडण्यासारखं काही नाही.

आता कोऱ्या चेकचं. प्रत्येक जण येऊन पहिलं हेच सांगतो, साहेब चेक कोरा होता, सिक्युरिटीचा होता. नुसतं एवढ्यावर सुटत नाही. सही तुमची आणि चेक तुम्ही राजीखुशीने दिला असेल तर आकडा दुसऱ्याने लिहिला तरी कोर्ट आधी देणं आहे असंच धरून चालतं, सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे. ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर.

पण मला तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य खटकलं. "मधे थोडेफार दिले होते." थोडेफार म्हणजे किती, कधी, कसे? चेक बँकेत लावायच्या आधी काही रक्कम दिलेली असेल आणि तरीही त्याने ती वजा न करता, चेकवर तशी नोंदही न करता पूर्ण आकड्याचा चेक लावला असेल तर गोष्टच बदलते, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच केसमध्ये गुन्हा होत नाही म्हटलंय. रोख दिले आणि पावती नाही तर अवघड. बँकेतून गेले असतील तर पासबुक भरून घ्या आजच्या आज.

तारखाही बघा. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसात नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, ते संपले की एक महिन्याच्या आत तक्रार. उशीर कोर्ट माफ करू शकतं पण दुकानदाराला कारण द्यावं लागतं. नोटीसचं पाकीट फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख कामाची आहे. आणि नोटीसला उत्तर दिलं नाही हे वाईट झालं, कोर्टात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की देणं लागतच नव्हतं तर तेव्हाच का नाही कळवलं.

सिडकोची_ताई
दादा माझं शिवणकामाचं युनिट होतं, कापडवाल्याने केस टाकली होती. वकील करायला पैसे नव्हते, कोणीतरी सांगितलं म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले, कोर्टाच्या आवारातच आहे, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पुरुषांना वर्षाला ३ लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं बहुतेक जणांना. फोनवर विचारायचं तर १५१००.

माझं लोकअदालतीत मिटलं. शनिवार होता, तुफान गर्दी. तो कापडवाला मला वर्षभर फोनवर नको नको ते बोललेला माणूस, आणि तिथे टेबलाशी माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसून सारखा पाण्याची बाटली उघडतोय बंद करतोय, तेव्हा कळलं यालाही मिटवायचंच आहे. व्याज सोडलं त्याने, सहा हप्ते ठरले. फक्त एक ध्यानात ठेवा, तिथे सही केली की अपील नाही, आणि हप्ता चुकवला तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. जमेल तेवढाच हप्ता बोला. मी जोशात चार म्हणणार होते, नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला म्हणून सहा झाले.

ओझरवाला
ताई 😄 पाय दाबणारा माणूस पाहिजेच सोबत. आणि भाऊ, ई-कोर्ट्सचं ॲप घे, समन्सवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) असेल नाहीतर नावाने शोध, पुढची तारीख त्यात दिसते. वकिलाला सारखं फोन करून विचारायला नको.

निफाडचा_पोऱ्या
सगळ्यांचे आभार. मुन्शीभाऊ, तुमचं वाचून काल पिंपळगावला बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. मार्चमध्ये १,९०,००० एनईएफटीने दुकानाच्या खात्यावर गेलेत, नावासकट एंट्री आहे. चेक लावला मेमध्ये. आणि नोटीसमध्ये लिहिलंय की आजपर्यंत एक रुपयाही दिला नाही. मी आप्पांना म्हटलं तुम्ही हे सांगितलं का नाही, तर म्हणे ते तर मी द्यायचेच होते, त्यात सांगण्यासारखं काय.

वकिलाकडचा_मुन्शी
त्या पासबुकाच्या पानाची झेरॉक्स काढा, आणि बँकेकडून सही-शिक्क्याचं स्टेटमेंट पण मागून ठेवा. मूळ पासबुक कोणाच्या हातात देऊ नका, आमच्याही. दुकानाची बिलं, व्हॉट्सॲपवर हिशोबाचे फोटो असतील तर तेही. आणि बाकीचे २,९०,००० देणं आहेच हे आप्पांना कबूल आहे ना, मग वकिलांना पहिल्या भेटीतच तसं सांगा, तडजोडीचं बोलणं त्या आकड्यावरून सुरू करता येईल, ४,८०,००० वरून नाही.

निफाडचा_पोऱ्या
कबूल आहे. ते तर म्हणतात व्यापाऱ्याने बुडवलं म्हणून मी कोणाला बुडवणार नाही. सोमवारी वकिलांकडे जातोय, आप्पा स्वतः येतो म्हणाले. आज दोन भाकरी खाल्ल्या.