'बंधुता' सोप्या मराठीत कशी सांगायची?

रानजाई
संविधानाच्या उद्देशिकेचं सोप्या बोलीतलं वाचन तयार करतेय. ऐकणाऱ्या बचत गटातल्या बायका, त्यातल्या काही नव्याने लिहायला-वाचायला शिकलेल्या. न्याय, स्वातंत्र्य, समानता इथपर्यंत नीट पार पडलं. 'बंधुता' आली आणि मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "म्हंजे भावाभावांत असतंय तसं? माझ्या भावांनी तर हक्कसोड लिहून घेतली माझ्याकडनं." हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. बऱ्याच जणींनी माना हलवल्या. मला पुढे वाचवेना.
'बंधुभगिनीभाव' जिभेला पेलत नाही. 'भाईचारा'मध्येही भाईच. 'आपुलकी' फार घरगुती वाटते. तुम्ही काय वापरता?

अमरकोश
बंधु म्हणजे भाऊ, हा अर्थसंकोच आहे, म्हणजे शब्दाचा मूळचा मोठा अर्थ आक्रसलाय. संस्कृतात भावाला भ्राता म्हणतात. 'बन्ध्' म्हणजे बांधणे, त्यावरून बंधु म्हणजे ज्याच्याशी बंध जुळला आहे तो आप्त. बांधवही त्यातलाच. शाळेत रोज 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हणताना मुली स्वतःला वगळतात का? शब्द उत्तम आहे, अर्थ शिकवा.

रानजाई
धातू मान्य. पण सभेत आपण 'बंधू आणि भगिनींनो' म्हणतो. बंधूंमध्ये भगिनी येत असत्या तर वक्त्याला पुढचा शब्द कशाला लागला असता?

पाटपाणी
'भाऊबंद' आणि 'भाऊबंदकी' विसरू नका. तोच बंध, पण मराठी माणसाने त्यातून वैराचा शब्द घडवला. आमच्याकडे बांध कोरण्यावरून जी भांडणं होतात ती परक्यांशी फार थोडी, सख्ख्यांशीच जास्त. मावशींनी बंधुतेचा जो अर्थ लावला तो गावात जगलेला अर्थ आहे. त्याला अर्थसंकोच म्हणून बाजूला सारता येणार नाही.

निळी पहाट
या प्रश्नाचा विचार बाबासाहेबांनी आधीच करून ठेवलाय. फ्रेंच क्रांतीतून आलेला बंधुतेचा शब्द अपुरा आहे, योग्य शब्द बुद्धाचा 'मैत्री', असं त्यांनी लिहिलंय. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रान्सकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असं १९५४ साली आकाशवाणीवर सांगितलंय.
आणि बंधुता उद्देशिकेत आली कशी तेही पाहा. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ ला मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. मसुदा समितीने तो घातला. २१ फेब्रुवारी १९४८ च्या पत्रात बाबासाहेबांनी कारण दिलं, की बंधुभावाची आणि सद्भावनेची गरज आज आहे तितकी कधीच नव्हती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, गांधीजींच्या खुनाला महिनाही झाला नव्हता. हा शब्द शोभेसाठी घातलेला नाही.
माझं मत: 'मैत्री' वापरा. बाईला, पुरुषाला, कुणालाही लागू.

अमरकोश
बुद्धाच्या मैत्रीचा, म्हणजे पाली 'मेत्ता'चा, आवाका मोठा आहे, पण आजच्या मराठीत मैत्री निवडून होते. पटलं नाही की तुटते. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी माझी मैत्री नसते, तरी त्याला हलकं न लेखण्याचं बंधन माझ्यावर असतं. नातं जसं न निवडता मिळतं तसंच हे. म्हणून बंधुताच. जोतीरावांनीही 'धरावे पोटाशी बंधूपरी' असंच म्हटलंय, आणि स्त्रीला वगळल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकत नाही.

निळी पहाट
जोतीरावांनी कोणाला पोटाशी धरायला सांगितलं ते त्या ओळीत आधी आलंय: ख्रिस्त, महंमद, मांग, ब्राह्मण. तो अर्धा भाग गाळून ओळ उद्धृत केली की तिचा जीवच जातो. वाद शब्दाचा असला तरी ही ओळ पूर्ण लिहायला हवी होती.

पायरी
वकिली करते म्हणून दोन गोष्टी.
मराठी संविधानात दोन शब्द आहेत. उद्देशिकेत 'बंधुता', पण अनुच्छेद ५१क मध्ये, नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत, 'बंधुभाव'. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेलं हे कलम आहे. बंधुभाव वाढवा असं सांगणाऱ्या त्याच खंडात पुढे स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडा असंही आहे. रानजाई, मावशींना हे जोडूनच वाचून दाखवा.
दुसरं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आजही हक्कसोडपत्रं नोंदवली जातात. बहीण सही करते, भाऊ शेजारी उभा असतो, मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत बदल, होतो आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी होतं. कागद कायदेशीर असतो. सहीच्या आधी मी प्रत्येकीला एकटीला आत बोलावून विचारते. उत्तर ठरलेलं: "माहेर तुटंल." समानता कायद्याने दिली, पण तिच्यासाठी माहेर आणि हिस्सा दोन्ही टिकतील अशी सोय कुठलंही कोर्ट करू शकत नाही. ती बंधुतेनेच होईल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेब म्हणाले होते, की बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या लेपाइतकीच वरवरची राहतील. मला ते वाक्य त्या कचेरीत रोज आठवतं.

दूरदेशी
कोर्ट काहीच करू शकत नाही असं नाही. फ्रान्समध्ये सेद्रिक एरू या शेतकऱ्यावर इटलीच्या सीमेवरून आलेल्या स्थलांतरितांना मदत केल्याबद्दल खटला झाला. जुलै २०१८ मध्ये तिथल्या संविधान परिषदेने (कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणारी संस्था) बंधुतेला घटनात्मक मूल्य मानलं आणि माणुसकीच्या भावनेने मदत करण्याचं स्वातंत्र्य त्यातून निघतं असं ठरवलं.

पायरी
तिथे मदत करणाऱ्याला शिक्षेपासून वाचवलं. मदत न करणाऱ्याला मदत करायला लावलं नाही. माझा मुद्दा तोच आहे.

गोदाकाठ
बंधुतेवर एवढं चाललंय, पण त्याआधीचा शब्द कुणी सोडवला का? उद्देशिकेत 'गणराज्य' आणि २६ जानेवारीला आपण म्हणतो 'प्रजासत्ताक दिन'. प्रजा म्हटलं की राजा आलाच. माझ्या मते 'प्रजासत्ताक' टाकून द्यावा. त्या शब्दाने आपली मान वाकलेलीच राहते.

अमरकोश
प्रजा म्हणजे मुळात संतती, जन. राजा नंतर आला. आणि प्रजेचीच सत्ता म्हटल्यावर राजा उरतो कुठे? उलथवणं शब्दातच आहे.

गोदाकाठ
मग अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' कोण लिहितं? कोर्टात 'मे.' लिहितात ते मेहेरबान. 'मायबाप सरकार' अजून बोललं जातं. हे सगळे प्रजेचे शब्द आहेत, नागरिकाचे नाहीत. मी अर्जाखाली फक्त 'अर्जदार' लिहितो. एकदा कारकुनाने तो परत केला, 'नमुन्याप्रमाणे लिहा' म्हणून. मी लिहिलं नाही, अर्ज तसाच दाखल करून घ्यावा लागला.

पाटपाणी
'गणराज्य' तरी लोकांना कुठे कळतं? आमच्याकडे गण म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, नाहीतर तमाशाच्या सुरुवातीचा. बुद्धाच्या काळी गणराज्य चालवणारे वैशालीचे लिच्छवी गावात कुणाला ठाऊक?

निळी पहाट
पंचायत समितीचा गण कळतो, तर त्यावरूनच सांगा. आपण मत देऊन जिथून माणूस पाठवतो, तो गण. तसंच अख्खं राज्य, थेट राष्ट्रपतीपर्यंत, निवडलेलं. वारशाने कुणीच नाही. याहून सोपं काय असणार?

रानजाई
हे घेते. बंधुतेचं अजून ठरत नाहीये. तूर्त 'एकमेकांना आपलं मानणं' असं लिहिलंय.

अमरकोश
ही फोड झाली, शब्द नव्हे.

रानजाई
वाचून दाखवायला फोडच हवी. आणखी एक, शेवटी 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत' आहे. एकीने विचारलं, स्वतःची प्रत म्हणजे झेरॉक्स का?

पायरी
'प्रत' इथे 'कडे', 'ला' या अर्थी. आपण हे संविधान आपल्यालाच देत आहोत. संविधान कुणाच्या नावाने द्यायचं यावरून संविधान सभेत वादही झाला होता. ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिकेची सुरुवात 'परमेश्वराच्या नावाने' करावी अशी सूचना आणली. मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती पडली. देणारे आपण आणि घेणारेही आपणच, हे तेव्हा मतं मोजून ठरलंय. त्यामुळे सोपं करताना 'आम्ही' आणि 'स्वतः' यांतला एकही शब्द गाळू नका.

अमरकोश
आणि 'स्वतःप्रती' लिहू नका. शाळांच्या भिंतींवर तसं रंगवलेलं पाहिलंय. छापील पाठ 'स्वतःप्रत' आहे.

गोदाकाठ
'प्रती' का चुकीचं ठरावं? मूळ संस्कृत 'प्रति'च ना? आणि बोलताना आपण 'देशाप्रती कर्तव्य' म्हणतोच.

अमरकोश
म्हणतो, पण ते हिंदीच्या वळणाने आलंय. मराठीत 'देशाविषयीचं कर्तव्य'. यावर वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.