जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतला करंट पुरवणारा डबा) उघडून दुरुस्त करावा का सरळ नवा टाकावा?

सेलूचा_झेरॉक्सवाला
मंडळी, दुकानातला जुना कॉम्प्युटर लै छळायलाय. २००९ चा आहे, कोअर टू ड्युओ. लग्नपत्रिकांचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं आणि त्याचा डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती चावी) मागच्या प्रिंटरच्या लांबड्या पोर्टला लागतो, म्हणून मशीनच बदल असं कुणी सांगू नका, तो विषय घरात रोज निघतो. दुखणं असं की सकाळी बटन दाबलं की पंखा एक गिरकी घेतो अन् गप. परत दाबलं, परत गिरकी. चौथ्या-पाचव्यांदा उठतो आणि एकदा उठला की दिवसभर कुरकुर नाही. गंमत म्हणजे रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटन चालूच राहिलं तर सकाळी पहिल्याच दाबाला चालू, बंद करून गेलो की नाटक. माझ्या मते एसएमपीएसमधले दोन-चार कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या बारक्या नळकांड्या) गेलेत, पन्नास-साठ रुपयांचं काम. दुकानदार म्हणतो नवा टाका. त्याला विकायचंच असतं.

जालन्याचा_जुगाडू
रॅम काढून खोडरबरने घासला का

सेलूचा_झेरॉक्सवाला
दोनदा. रबर संपत आलं.

सोल्डरवाला_लातूर
रॅमचा काय संबंध राव, त्यानं रोग अर्धा सांगितलाच आहे. रात्रभर करंट राहिला तर उठतो, गार पडला की उठत नाही. कपॅसिटर जुना झाला की आतून सुकतो, त्याचा ईएसआर, म्हणजे आतला अडथळा, वाढतो आणि गार असताना तो आणखी जास्त असतो, थोडा कोमट झाला की काम रेटून नेतो. आता ही जांभळी वायर बघ, स्टँडबायची, ५ व्होल्ट. कॉम्प्युटर बंद असला तरी बोर्डाचं बटन चालू असेपर्यंत ती चोवीस तास चालूच असते, म्हणून तिच्याकडचे कपॅसिटर आधी मरतात. मदरबोर्डला कनेक्टर लावलेला असू दे, मागच्या बाजूने मल्टीमीटरची पिन घाल आणि सकाळी गार असताना मोज. ४.७५ च्या खाली दाखवलं तर माझ्याकडं घेऊन ये, अर्ध्या तासात करून देतो. टोपी फुगलेले कपॅसिटर डोळ्यालाच दिसतील, वरची सपाट बाजू पोट सुटल्यागत होते. नवा घ्यायची काही गरज नाही.

औंढ्याचा_पाहुणा
सोल्डरवाले दादा, तुम्ही रोज करता म्हणून तुम्हाला सोपं वाटतं, पण इथं वाचून कुणीतरी पेचकस घेऊन बसणार. आत २३० चं डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास होतं आणि पिन काढल्यावर पण मोठ्या कपॅसिटरमध्ये राहू शकतं. एक वाचवायला गेलं अन् हात भाजून बसलं. शिवाय १५-१६ वर्षांच्या डब्यात चार कपॅसिटर बदलून काय होतंय, पंख्याचं बेअरिंग गेलंय, धूळ बसलीये, उरलेले दहा कपॅसिटर पण त्याच वयाचे. आज हा, दिवाळीत तो. आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला तर? डोंगलचं पोर्ट त्या बोर्डावरच आहे ना? २००९ चा बोर्ड कुठून आणणार?

सोल्डरवाला_लातूर
भीती घालू नका पाहुणे. आधी मीटरने मोजायचं, व्होल्टेज उरला असला तर बल्बवर उतरवायचा, मगच हात लावायचा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सिरीज बल्बवर लावायचा, म्हणजे करंट बल्बमधून जाऊन मग एसएमपीएसला. बल्ब भक्कन पेटून राहिला म्हणजे शॉर्ट, क्षणभर चमकून मंद झाला म्हणजे ठीक. पाचशे रुपयाचा नवा कुठून निर्धोक झाला? त्यावर ४५० वॅट मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात पिवळ्या, १२ व्होल्टच्या वायरीला १४ अँपिअर. १२ गुणिले १४ करा, १६८. बाकी वॅट लाल अन् केशरी वायरीवर दाखवलेत, प्रोसेसरला ते काय कामाचे? जुना माल हातात घ्या, वजनातच फरक कळतो.

औंढ्याचा_पाहुणा
पाचशेचा घ्या असं मी म्हटलंच नाही. दोन हजाराचा घ्या म्हणतो.

गंगाखेडी
दोघंबी भांडा पण करंट कसला येतो ते कुणी विचारायलाच तयार नाही. आमच्याकडं रब्बीत मोटारी चालू झाल्या की घरात व्होल्टेज १७०-१८० वर येतं. सेलूला दुकानात काय येतं ते मोज आधी. स्वस्त डब्यावर इनपुटच्या ओळीत २००-२४० लिहिलेलं असतं किंवा मागं ११५/२३० चं लाल बटन असतं, तो कमी व्होल्टेजला लवकर दमतो. ज्याच्यावर १००-२४० लिहिलंय तो १७० वर पण चालतो. नवा घेतलास तर वॅट बघण्याआधी ती ओळ वाच. अन् एसएमपीएस बाहेर काढून, त्याच्या कनेक्टरची हिरवी-काळी वायर यू-पिनने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं समजू नको, लोड नसताना मेलेला पण फिरतो. एखादी जुनी हार्डडिस्क लावून मोज.
आणखी एक, डब्याला हात लावला की मुंग्या येतात का?

सेलूचा_झेरॉक्सवाला
येतात की! पावसाळ्यात जास्त. मला वाटलं एसएमपीएसचाच दोष.

गंगाखेडी
नाही. आतल्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर, एक फेजकडून एक न्यूट्रलकडून, डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की डबा मधेच लोंबकळतो, शंभरच्या वर व्होल्ट दाखवतो. करंट किरकोळ असतो पण मुंग्या येतात. नवा टाकलास तरी राहणार.

सोल्डरवाला_लातूर
हे गंगाखेडचं मात्र खरंय.

सेलूचा_झेरॉक्सवाला
आज सकाळी गार असताना मोजलं. जांभळी ४.५८. चार वेळा दाबून चालू झाला, तासाभराने ४.८८. दुकानात व्होल्टेज २१८, म्हणजे तिकडं काही नाही. निदान माझंच बरोबर निघालं, ते लिहून ठेवा. पण पाहुण्यांचं मदरबोर्डाचं बोलणं रात्रभर डोक्यात राहिलं, तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते आणि त्यात बोर्ड गेला तर शटरच पाडावं लागेल. परभणीहून १००-२४० लिहिलेला घेऊन आलो, २२०० गेले. जुना सोल्डरवाल्यांकडं पाठवतो, करून ठेवा, स्पेअर राहील.

औंढ्याचा_पाहुणा
शाब्बास

सोल्डरवाला_लातूर
पाठव. पण २२०० मध्ये माझ्याकडं असे वीस झाले असते.

सेलूचा_झेरॉक्सवाला
नवा बसवला, पहिल्या दाबाला चालू. मुंग्या अजून येतात. भिंतीवरचा बोर्ड उघडून बघितला तर तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकाला वायरच नाही, आजोबांच्या काळापासून नुसतं भोक. वायरमन परवा येतो म्हणालाय.